कोरड्या सकाळचे चार मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. म्हणजे पाऊस मोजायचे तांब्याचे भांडे. माझ्यात कधी काय साठले हे लोक विचारतात. पण माझी गोष्ट बहुतेक त्या दिवसांची आहे, जेव्हा माझ्यात काहीच नव्हते.

अ‍ॅडलेडच्या एका गल्लीत, तांबे ठोकणाऱ्या कारखान्यात मला घडवले. माझे अंग साधे आहे. वर नरसाळे, खाली बाहेरचे पिंप, पिंपाच्या आत एक डबा. काठ मात्र धारदार. काठावर पडलेल्या थेंबाचा अर्धा भाग आत आणि अर्धा बाहेर गेला पाहिजे, म्हणून कारागिराने तो कानस लावून लावून घासला, अंगठा फिरवला, मान हलवली आणि पुन्हा घासला. मग मला पेंढ्यात गुंडाळून रेल्वेने विलकाराला पाठवले. विलकारा म्हणजे गहू, मेंढ्या, लाल वाळू आणि मॅलीची बुटकी झाडे. आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये येतो, आणि पाऊस पडलाच तर तो हिवाळ्यात पडतो.

हुल्डा पेटशेल नावाच्या बाईंनी मला त्यांच्या शेतघराच्या मागे, झाडांपासून लांब, उघड्यावर रोवले. मेंढ्यांनी अंग घासू नये म्हणून भोवती तारेचे कुंपण घातले. रोज सकाळी नऊ वाजता त्या यायच्या, नरसाळे उचलायच्या, डब्यातले पाणी मापाच्या काचनळीत ओतायच्या आणि आकडा हवामान खात्याला कळवायच्या. त्यांचे गुडघे गेल्यावर हे काम त्यांचा मुलगा अ‍ॅथल करू लागला. तोही आता सत्तरीचा आहे.

माझे चांगले दिवसही होते, नाही असे नाही. एका हिवाळ्यात मी असा भरलो की आतला डबा ओसंडून पाणी पिंपात उतरले आणि अ‍ॅथलला दोनदा मोजावे लागले. पाऊस थांबला की शेजाऱ्यांचे फोन सुरू व्हायचे. कोणाच्या रानात किती पडला यावर तावातावाने वाद व्हायचे, आणि शेवटी कोणीतरी म्हणायचे, पेटशेलच्या भांड्यात किती आहे ते विचारा, तेच खरे धरू. एकदा खात्याचे साहेब आले. हुल्डाबाईंना पितळेची पाटी दिली, वर्तमानपत्रासाठी फोटो काढला. हुल्डाबाईंनी त्या दिवशी पिसे लावलेली टोपी घातली होती. फोटोत टोपी पूर्ण आली, मी अर्धा आलो.

अ‍ॅथलचे दोन मित्र होते. तिघांनाही हवामानाचे वेड होते. एरॉल नॅनकिव्हेल रेल्वेत सिग्नल सांभाळायचा. निवृत्त झाल्यापासून तो समुद्र सांभाळतो, असे लोक म्हणत. कुठला समुद्र किती तापला, वारे कुठून वळले, हे तो रोज पाहायचा आणि पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज सांगायचा. दुसरी देस्पिना. हमरस्त्यावर तिचे खाण्याचे दुकान आहे. ट्रकवाले तिथे थांबतात. ती लहानपणी ग्रीसमधल्या एका बेटावरून आली, आणि पाऊस केवळ आपल्या डाव्या खांद्याला कळतो असे ती सांगते. तरीही तिच्या फोनवर चार देशांचे अंदाज असत. चारही वेगळे आले की तिला फार समाधान वाटे.

तिघे महिन्यातून एकदा देस्पिनाच्या दुकानात बसत. पण शरद ऋतूतली बैठक, जिच्यात हिवाळ्याचा अंदाज ठरे, ती नेहमी अ‍ॅथलच्या मागच्या व्हरांड्यात व्हायची. मी तिथून हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे ती मला सगळी ऐकू येई. अ‍ॅथलची बायको व्हर्ना नारळाचा कीस लावलेले चॉकलेटचे केक करायची आणि शिवण घेऊन कडेला बसायची.

मग दुष्काळ आला. दुष्काळ आला असे आपण म्हणतो, पण मित्रांनो, तो कुठून येत नाही. पाऊस यायचा राहतो, एवढेच. एक हिवाळा कोरडा गेला. लोक म्हणाले, होते असे. उन्हाळ्यात वाऱ्याने शेतातली माती उचलली आणि कुंपणाच्या तारा अर्ध्या पुरल्या. बंधाऱ्यातले पाणी आधी चहासारखे झाले, मग चिखल झाला, मग तडे गेले. अ‍ॅथल रोज नऊ वाजता येई, नरसाळे उचली, आत पाही, ठेवून देई. माझ्या नरसाळ्यात एका कोळ्याने जाळे विणले. अ‍ॅथलने ते बोटाने काढले. कोळ्याने परत विणले. काही दिवसांनी अ‍ॅथलने ते काढायचे सोडून दिले.

त्या शरदातली बैठक मला नीट आठवते. एरॉलने टेबलावर समुद्राचा मोठा नकाशा पसरला आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर कप ठेवले.

"हे बघा, जावाच्या खाली," तो म्हणाला. "हिंदी महासागराचं आपल्याकडचं टोक तापतंय. ते तापलं की ढग आपल्या दिशेने निघतात."

"निघतात खरे," देस्पिना म्हणाली. "वाटेत कुठे उतरतात ते विचार."

"पॅसिफिकचं काय म्हणणं आहे?" अ‍ॅथलने विचारले.

"तिकडे एल निनो ओसरलाय. अडवणारं कोणी नाही यंदा."

"टक्के सांग, टक्के," देस्पिना म्हणाली. "कविता नको."

"शंभरातले सत्तर. ओला हिवाळा."

"तुझे सत्तर म्हणजे आमच्याकडच्या लग्नासारखे आहेत. बोलावणं सगळ्या गावाला, आणि जेवायला येतो कोण, तर एकटा पाद्री."

एरॉल हसला. तोवर तो हसायचा. आणि त्याचे अंदाज पूर्वी खूपदा बरोबर आले होते, हेही खरे. म्हणून मग अ‍ॅथलने त्याला मुख्य गोष्ट विचारली. त्याच्या मेंढ्या हुल्डाबाईंच्या वेळेपासून निवडून वाढवलेल्या होत्या. कोणत्या मेंढीची आजी कोण, हे तो चेहऱ्यावरून सांगे. आता चारा संपत आला होता. बाजारात अजून मेंढ्यांना गिऱ्हाईक होते. महिन्याभरात ते राहणार नव्हते.

"विकू की ठेवू?" अ‍ॅथल म्हणाला.

"मला माहीत नाही" असे एरॉलला म्हणता आले असते. तो बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला.

"ठेव," तो म्हणाला. "ही पैदास एकदा गेली की परत मिळायची नाही. जूनमध्ये पाऊस आहे."

व्हर्नाने शिवणातून मान वर केली. "पण एरॉल, सत्तर म्हणजे तीस वेळा नाहीही, असंच ना?"

"असंच," एरॉल म्हणाला.

व्हर्नाने सगळ्यांना अजून चहा ओतला.

अ‍ॅथलने मेंढ्या ठेवल्या. कोरड्याच मातीत गहू पेरला. पाऊस येणार म्हटल्यावर तसे करतात. मे महिन्याच्या अखेरीस एक बारीकशी सर आली. माझ्यात कोळ्याचे जाळे भिजण्यापुरते पाणी जमले. शेतावर हिरवी लव दिसू लागली. दुरून तर ती फारच सुंदर दिसत असावी, कारण व्हर्ना दिवसातून दोनदा कुंपणापाशी जाऊन उभी राहायची. मग समुद्राचे ते टोक थंडावले. का थंडावले ते एरॉललाही सांगता येईना. जून गेला, जुलै गेला. उत्तरेचा वारा सुटला आणि तीन दिवसांत ती लव जमिनीवरून पुसून गेली.

बहुतेक मेंढ्यांना तोवर उभे राहता येईनासे झाले होते. ज्यांना चालता येत नाही त्या ट्रकमध्ये चढवत नाहीत, आणि चढवल्या तरी त्यांना कोणी घेत नाही. अ‍ॅथलने त्यातल्या त्यात धडधाकट मेंढ्या घरामागच्या वाड्यात वेगळ्या केल्या आणि बाकीच्या लांबच्या कुंपणापाशी नेल्या. तो बंदूक घेऊन गेला. सकाळपासून दुपारपर्यंत मला आवाज येत होते. मध्ये थोडा वेळ थांबत, मग पुन्हा येत.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता अ‍ॅथल नेहमीसारखा आला. त्याने नरसाळे उचलले, आत पाहिले, ठेवून दिले. त्याचा हात थरथरत नव्हता. तो थरथरायला हवा होता, असे मला वाटले.

एरॉल आला नाही. त्याने घराच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतले आहेत, आणि ट्रकवाल्यांनी पावसाचे विचारले तर रस्ता ओलांडून जातो, असे देस्पिनाने व्हर्नाला फोनवर सांगितले. बैठका बंद पडल्या. देस्पिना अ‍ॅथलला फोन करायची. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली की मला त्याचे बोलणे ऐकू येई. तो म्हणायचा, ठीक आहे. हो, ठीक आहे. नाही, काही नको. फोन ठेवला की तो टेबलापाशी बसून राही. व्हर्ना जेवण वाढे, तो जेवे. तिने विचारले की बटाटा शिजलाय का, तर शिजलाय म्हणे. एकदा तिने मुद्दाम मीठ घातले नाही. त्याने ताट स्वच्छ केले.

हिवाळा संपला, उन्हाळाही गेला. मला स्वतःबद्दल काय सांगू? पाणी धरण्यासाठी मला घडवले होते, आणि पाणी नव्हते. आधी मला वाईट वाटायचे. ढग दिसला की माझा काठ जणू ताठ व्हायचा. पुढे तेही गेले. ऊन आले की तापायचे, रात्र आली की निवायचे. मी आणि अ‍ॅथल एकमेकांना रोज भेटत होतो आणि एकमेकांना सांगण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते.

एके दिवशी सकाळी व्हर्ना आली. ती माझ्याकडे कधी येत नसे. मला सांभाळणे अ‍ॅथलचे काम होते. अ‍ॅथल वाड्यात मेंढ्यांना दाणे घालत होता. तिच्या अंगावर घरातला झगा होता, पायात रबरी बूट आणि हातात चहाची किटली. तिने एकदा वाड्याकडे पाहिले. मग किटलीची चोच माझ्या नरसाळ्यात धरली आणि हळूच पाणी ओतले. काठावर एक थेंबही सांडू दिला नाही. कोळी बिचारा वाहून आत गेला. किती ओतावे हे तिला ठरवता येत नव्हते. एकदा थांबली, मग अजून थोडे ओतले. घरात तेव्हा पिण्याचे पाणी टाकीच्या तळाशी गेले होते, आणि आंघोळ बादलीच्या पाव भागात होत होती. तरी तिने ओतले.

नऊ वाजता अ‍ॅथल आला. त्याने नरसाळे उचलले, आणि आतला डबा हलवताच पाणी डुचमळले. तो तसाच उभा राहिला. मग त्याने वर पाहिले. आकाश निळे होते, त्यात ढगाचा एक तुकडाही नव्हता. तो खाली बसला आणि माझ्या पायाशी असलेल्या धुळीवर हात टेकवला. हाताला कोरडी धूळ लागली. मग त्याने पाणी काचनळीत ओतले आणि डोळ्यांसमोर धरले. चार मिलिमीटर होते. त्याने बोट बुडवून जिभेला लावले. टाकीच्या पाण्याला पत्र्याची आणि झाडाच्या पानांची चव असते. ती चव त्याच्या ओळखीची होती.

त्याने ते पाणी फेकले नाही. कुत्र्याच्या भांड्यात ओतले आणि तो घरात गेला. त्याने खात्याला फोन करून पाऊस निरंक असल्याचे कळवले. मग मला त्याचा आवाज ऐकू आला.

"चार मिलिमीटर."

"हो का," व्हर्ना म्हणाली.

त्या दिवशी खुर्ची सरकल्याचा आवाज मोठा आला, आणि दारही जरा जोरात लागले.

दुसऱ्या दिवशी व्हर्ना किटली घेऊन परत आली. या वेळी अ‍ॅथल वाड्यात गेला नव्हता. तो पाण्याच्या टाकीमागून पुढे आला. व्हर्ना दचकली नाही. किटली तिने तशीच हातात धरून ठेवली.

"टाकीत किती उरलंय माहीत आहे ना तुला?" अ‍ॅथल म्हणाला.

"माहीत आहे."

"मग यात का ओततेस? मी काय खुळा आहे? पाऊस पडला की नाही ते मला कळत नाही?"

"कळतं. कळावं म्हणूनच ओतलं." व्हर्नाचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचे ते सांगावे तसा. "रोज तू इथे येतोस आणि परत येतोस. परत येतोस तेव्हा तुझ्या तोंडावर काहीच नसतं, अ‍ॅथल. काल होतं."

"काय होतं?"

"राग. राग तर राग. मी सात-आठ महिन्यांनी पाहिला."

अ‍ॅथल धुळीत बसला, माझ्या कुंपणाच्या तारेला पाठ लावून. व्हर्ना झगा सावरून त्याच्या शेजारी बसली. किटली दोघांच्या मध्ये होती.

"मला काही वाटत नाही, व्हर्ना," तो म्हणाला. "मेंढ्या मारताना वाटलं नाही. एक झाली की दुसरी. आईने ज्यांच्या आज्या निवडल्या होत्या त्या. मला वाटलं रात्री रडू येईल. आलं नाही. तेव्हापासून काहीच येत नाही. सकाळी उठतो कारण नऊ वाजता इथे यायचं असतं. हे भांडं नसतं तर उठलो असतो की नाही, माहीत नाही."

व्हर्नाने त्याचा हात धरला नाही. ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. दोघे समोरच्या उघड्या रानाकडे पाहत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी देस्पिनाला बोलावते. आणि डॉक्टरला फोन करते. तू नको म्हणू नकोस."

तो हो म्हणाला नाही. पण नकोही म्हणाला नाही.

देस्पिना त्याच दुपारी आली. तिने पालक आणि चीज भरून भाजलेली मोठी पोळी आणली होती; ती आठ माणसांना पुरली असती. ती भराभर बोलत होती. ट्रकवाल्यांविषयी, तिच्या खांद्याविषयी, दुकानातल्या तळणीविषयी. अ‍ॅथल ऐकत होता की नाही, सांगता येत नव्हते. निघताना ती व्हरांड्यात थांबली.

"माझ्याकडे कोल्हे फार झालेत," ती म्हणाली. "माझी बंदूक अडकते. तुझी नेऊ का थोडे दिवस? परवाना आहे माझ्याकडे."

तिच्याकडे कोंबड्याही नव्हत्या, मग कोल्हे कशाला येतील? अ‍ॅथलला हे माहीत होते. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मग आत जाऊन बंदूक आणली, रिकामी केली आणि तिच्या हातात दिली.

"काम झालं की परत आणीन," देस्पिना म्हणाली.

"घाई नाही," अ‍ॅथल म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर लांबच्या गावात बसतो. व्हर्ना गाडी चालवत होती. तिथे काय झाले ते मला ठाऊक नाही. त्यानंतर तो दर दोन आठवड्यांनी जाऊ लागला.

आणि देस्पिनाने अजून एक काम केले. शरद ऋतू सुरू झाला होता. ती एरॉलच्या घरी गेली आणि त्याला गाडीत घालून इथे घेऊन आली. येताना सगळ्या वाटेवर तिने त्याला काय काय ऐकवले, ते त्याच्या कानांच्या लाल रंगावरून दिसत होते. एरॉल व्हरांड्याच्या पायरीशीच थांबला. तो बारीक झाला होता. त्याच्या हातात नकाशा नव्हता.

"मी चुकलो," तो म्हणाला.

"सत्तर म्हणाला होतास," अ‍ॅथल म्हणाला. "शंभर नाही."

"पण ठेव, असंही म्हणालो होतो."

"हो. ते म्हणाला होतास."

देस्पिनाने खुर्ची ओढून एरॉलच्या मागे ठेवली, आणि त्याला बसावे लागले. व्हर्नाने केक आणले नाहीत. सुकी बिस्किटे होती, तीच दिली. बराच वेळ माशा घोंघावत होत्या एवढेच.

"यंदाच्या हिवाळ्याचं काय?" अ‍ॅथलने विचारले.

"मी आता अंदाज सांगत नाही."

"सांग."

"आणि परत चुकलो तर?"

"तर चूक," अ‍ॅथल म्हणाला. "चुकीचं का होईना, सांग. सगळे माझ्याशी असे बोलतात की जणू मी काचेचा आहे. पावसाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी दिवसभर ऐकू काय? माशा?"

एरॉलने खिशातून हात बाहेर काढले. त्याने पडदे ओढले होते, पण समुद्राकडे पाहायचे सोडले नव्हते, हे तेव्हा कळले. तो खाली मान घालून बोलू लागला. पॅसिफिक पुन्हा तापतो आहे. हिंदी महासागर आपल्याकडे थंड आहे. दोन्ही गोष्टी वाईट. ओला हिवाळा म्हणाल तर शंभरातले वीस.

"वीस," देस्पिना म्हणाली. "म्हणजे पाद्रीही येत नाही."

कोणी हसले नाही. पण एरॉलने वर पाहिले.

"म्हणजे पेरू नको," अ‍ॅथल म्हणाला.

"मी तुला काय करायचं ते सांगणार नाही. आकडा सांगतो. पुढचं तुझं." मग थोडे थांबून एरॉल म्हणाला, "एक गोष्ट मात्र सांगतो. दक्षिणेला समुद्राकाठी माझी चुलत बहीण आहे, ओलेन म्हणून. तिच्याकडे अजून गवत आहे. वाड्यातल्या तुझ्या मेंढ्या तिथे राहू शकतील. मी तिच्याशी बोललोय. गेल्या महिन्यातच बोललो होतो. फोन करायचा धीर झाला नाही."

अ‍ॅथल उठून वाड्याकडे गेला. एरॉल पडलेल्या चेहऱ्याने देस्पिनाकडे पाहू लागला. पण अ‍ॅथल मेंढ्या मोजायला गेला होता. ट्रक केवढा लागेल, ते पाहायला.

मेंढ्या गेल्या. वाडा रिकामा झाला. अ‍ॅथलने त्या वर्षी पेरणी केली नाही, आणि हिवाळा कोरडाच गेला. एरॉल बरोबर होता. त्याला त्याचा आनंद झाला नाही. पण बैठका पुन्हा सुरू झाल्या. दर महिन्याला, देस्पिनाच्या दुकानात नव्हे, इथेच. अ‍ॅथल फारसे बोलत नसे. एरॉल आणि देस्पिना भांडत आणि तो ऐकत बसे.

पाऊस त्याच्या पुढच्या वर्षी आला, जुलैच्या एका मंगळवारी, दुपारी. आधी धुळीचा वास आला, मग पत्र्यावर आवाज झाला. माझ्या काठावर थेंब पडले आणि अर्धे आत, अर्धे बाहेर झाले. तो पाऊस रात्रभर पडत राहिला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मला केवढा हर्ष झाला असेल. खरे सांगायचे तर मी भरत होतो आणि मला काही कळत नव्हते. पाणी येत होते, ते मी धरत होतो.

नऊ वाजता अ‍ॅथल आला. व्हर्ना छत्री घेऊन मागे होती, पण छत्री तिने उघडली नव्हती. त्याने काचनळी भरली, ओतली, परत भरली, परत ओतली. आकडा सांगितला. कोपऱ्यातल्या टाकीत पाणी धो धो पडत होते, म्हणून तिने त्याला दोनदा सांगायला लावला.

"बरं वाटतंय?" तिने विचारले.

अ‍ॅथलने विचार केला. "माहीत नाही," तो म्हणाला. "ओलं वाटतंय."

व्हर्ना हसली. तो हसला नाही, पण ती हसताना तिच्याकडे पाहत राहिला.

वसंतात गवत आले, आणि ओलेनकडून ट्रक आला. एरॉल आणि देस्पिना दोघेही हजर होते. ट्रकवाल्याने मागची फळी पाडली. आतल्या मेंढ्या आधी खाली यायला तयार होईनात; समुद्राकाठच्या गवताने माजल्या आहेत, असे देस्पिना म्हणाली. मग एक म्हातारी मेंढी पुढे आली, फळीवर थबकली, जमिनीचा वास घेतला आणि खाली उतरली. तिच्यामागे एक कोकरू होते, तिथे झालेले. अ‍ॅथलने त्या कोकराच्या तोंडाकडे पाहिले. ते कोणाचे नातवंड आहे हे तो सांगू लागला. हुल्डाबाईंनी कुठून आणलेली, कोणत्या साली निवडलेली. सांगता सांगता त्याचा आवाज फुटला. तो फळीवर बसला आणि रडू लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. मेंढ्या त्याला वळसा घालून उतरत राहिल्या. ट्रकवाला ओशाळून टायर तपासू लागला. व्हर्नाने सगळ्यांना खुणेने सांगितले, राहू द्या त्याला.

आता माझ्याविषयी थोडेसे, मग संपवतो. गावाबाहेर खात्याने आपोआप पाऊस मोजणारे यंत्र बसवले आहे. माझे आकडे आता कोणाला कळवावे लागत नाहीत. माझ्या तळाचा सांधा झिजला होता. वर्षभर तो थोडे थोडे पाणी गळू देत होता आणि कोणाला समजत नव्हते, कारण मी बाहेरून जसाच्या तसा दिसत होतो. एके दिवशी अ‍ॅथलने मला उपटून उजेडात धरले, तेव्हा भोक दिसले. एरॉलने ते डाग देऊन बुजवले. देस्पिनाने बंदूक अजून परत आणलेली नाही, आणि अ‍ॅथलने मागितलेली नाही. हिवाळ्याच्या अंदाजावर ते अजूनही वाद घालतात. यंदा एरॉल पन्नास म्हणतो, आणि देस्पिना म्हणते, असा अंदाज माझा खांदाही देतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेत किंवा गच्चीत पाऊस मोजायचे भांडे असेल, तर ते स्वच्छ ठेवा, त्यातली पाने काढा. पण माझे मागणे तेवढेच नाही. तुमच्या ओळखीचे कोणी माणूस रोज वेळेवर उठत असेल, कामाला जात असेल, ताट स्वच्छ करत असेल, आणि विचारले की दर वेळी ठीक आहे म्हणत असेल, तर त्या उत्तरावर परत फिरू नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. त्याला राग आला तरी चालेल.